तिखाडीचं (रोशा) तेल: गवत ओळखण्यापासून गुडघ्याला लावण्यापर्यंत, नागपुरात पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी

माझी आजी परतवाड्याची. थंडी सुरू झाली की तिच्या उशाशी एक तपकिरी बाटली असायची, तिखाडीचं तेल म्हणायची ती त्याला, रात्री जेवण झाल्यावर गुडघ्याला चोळायची आणि खोलीभर गुलाब अन् ओलं गवत एकत्र केल्यासारखा वास सुटायचा. आजी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर आईचे गुडघे दुखायला लागले, मला ती बाटली आठवली, मी ऑनलाइन रोशा तेल मागवलं आणि आजीसारखंच तळहातावर ओतून आईच्या गुडघ्याला चोळलं. अर्ध्या तासात गुडघा लालभडक, आग आग, बिचारी रात्रभर झोपली नाही.

मग परतवाड्याच्या आत्याला फोन केला तेव्हा खरी गोष्ट कळली. आजीच्या बाटलीतलं तेल म्हणजे फुलोऱ्याचं गवत ठेचून तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवलेलं आणि गाळलेलं. मी मागवलेलं होतं ते वाफेवर काढलेलं निव्वळ तेल, शंभर किलो गवतातून अर्धा किलोच्या आसपास निघतं ते. गवत एकच, नाव एकच, पण तेल दोन, आणि वापरायची पद्धत पूर्ण वेगळी. घरचं ऐकून बाजारचं तेल वापरायला जाणाऱ्या प्रत्येकाचा घोळ इथेच होतो, माझाही झाला, म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे. आता चार सीझन झाले, काटोलकडे मामाच्या शेताच्या धुऱ्यावर तिखाडी लावली आहे आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तेल काढतो. ज्यांना काढायचं नाही, फक्त विकत घेऊन वापरायचं आहे, त्यांनी १, ७, ८ आणि ९ वाचलं तरी चालेल, पण ८ आणि ९ वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

१. आधी गवत कोणतं ते पक्कं करा

तिखाडी, रोशा, रोहिष ही एकाच गवताची नावं. आयुर्वेदात याला रोहिष किंवा कत्तृण म्हणतात. इंग्रजीत पाल्मारोझा, आणि शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी (Cymbopogon martini). यातलं मार्टिनी हे लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनवरून आलं, त्यानं या गवताचं बी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवलं होतं. शास्त्रीय नाव पाठ करून ठेवा, बाटली घेताना तेवढंच एक नाव कामी येतं, बाकी सगळी नावं दुकानदार अदलाबदल करतात.

याची भावकी मोठी आहे आणि लोक सगळ्यांना सुगंधी गवत म्हणून एकाच टोपल्यात टाकतात. गवती चहा म्हणजे लिंबाचा वास, तो आपण चहात टाकतो. सिट्रोनेला म्हणजे डासांच्या अगरबत्तीचा वास. वाळा तर पूर्ण वेगळा, त्याच्या पानाला काही वास नाही, सगळं मुळांत, आपल्या कूलरच्या खसच्या ताट्यांत असतं ते. तिखाडीचा वास गुलाबाच्या जवळचा, त्यात गवताचा हिरवेपणा. फुलोरा दोन बोटांत चुरगाळा आणि डोळे मिटून हुंगा, लिंबू आठवलं तर ती तिखाडी नाही.

आता यातही दोन जाती आहेत आणि हे कोणी सांगत नाही. एक मोतिया, एक सोफिया. दिसायला इतक्या सारख्या की नुसतं पाहून मला आजही खात्री देता येत नाही. गुलाबाचा वास असतो तो मोतियाला, त्यात जिरॅनिऑल नावाचा घटक खूप असतो, चांगल्या तेलात ७५ ते ९० टक्के. गुलाबाच्या अत्तरातही हाच घटक असतो, म्हणून वास जुळतो. सोफियाचा वास उग्र, आल्याकडे झुकणारा, तिच्या तेलाला बाजारात जिंजरग्रास म्हणतात आणि भाव कमी मिळतो. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, मोकळ्या उतारावर येते, सोफियाला ओलावा आणि दाटी चालते. दोन्ही शेजारी लावल्या तर परागीकरणानं बी भेसळ होतं, म्हणून शेतात एकच ठेवा.

थोडं विषयाबाहेरचं आहे पण मला हे सांगावंसंच वाटतं. आपल्या मेळघाट-अचलपूर पट्ट्यातलं, बैतूलचं, निमाडचं आणि खानदेशातलं हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपात त्याला कित्येक वर्षं तुर्की जिरेनियम तेल म्हणत होते, तुर्कस्तानात हे गवत उगवतही नसताना. म्हणजे सातपुड्याच्या उतारावरचं गवत गुलाब म्हणून जगभर विकलं गेलं आणि आपल्याच शहरात आज दहा जणांना विचारलं तर आठ जणांना तिखाडी म्हणजे छपरावर टाकायचं गवत एवढंच माहीत असतं.

२. गवत आणायचं कुठून

जंगलातून कापून आणू नका. पेंच, मेळघाट अशा संरक्षित जंगलात तर काडीही उचलायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. बाकीच्या वनजमिनीवरही वनविभागाच्या परवानगीशिवाय कापणं गुन्हा होऊ शकतो. ज्या गावांना २००६ च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे गौण वनउपज (लाकूड सोडून बाकीची वनउपज) ग्रामसभेच्या मालकीची असते, अशा ग्रामसभेकडून रीतसर पावती घेऊन गवत विकत घेता येतं. पावती जपून ठेवा, रस्त्यात गाडी थांबवली तर तीच दाखवायची असते.

सोपा मार्ग म्हणजे स्वतः लावा. धुरा असो, बरड जमीन असो, पाणी साचत नसेल तर येते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेनं तृष्णा, तृप्ता, वैष्णवी, हर्ष, पीआरसी-१ असे वाण काढले आहेत, बी त्यांच्याकडूनच किंवा त्यांच्याकडून घेतलेल्या शेतकऱ्याकडून घ्या. आमचं पहिल्या वर्षीचं बी एका नर्सरीतून आणलं होतं, उगवलं तेव्हा अर्धा गवती चहाच निघाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, गवत प्रत्यक्ष पाहायला आणि माहिती विचारायला आपल्याला ते लखनौपेक्षा जवळ पडतं.

फक्त घरच्या वापरापुरतं हवं असेल तर दहा बाय दहा फुटांचा वाफा पुरे. कुंडीत पण येतं पण कुंडीतल्या गवतानं बाटली भरत नाही, वास घ्यायला मिळेल तेवढंच.

३. सामान काय लागतं

प्रेशर कुकर वापरायचा विचार डोक्यातून काढून टाका. व्हिडिओत दाखवतात, पण गवताची एक काडी शिट्टीच्या नळीत अडकली तर आत दाब चढतो आणि वाफ कुठेही फुटते. आपल्याला दाब नकोच आहे, वाफ मोकळी वाहिली पाहिजे.

माझ्याकडे हे आहे:

- ३० लिटरचा स्टीलचा दुधाचा कॅन, झाकणाला मध्ये भोक पाडून नळी बसवलेली. वेल्डिंग ओळखीच्या माणसाकडून करून घ्या, शिशाचं डाग-काम अजिबात नको, तेल अंगाला लावायचं आहे.
- तळापासून वीतभर वर बसेल अशी स्टीलची जाळी, तीन पायांवर. गवत पाण्यात बुडायला नको.
- तांब्याची नळी, १२ ते १५ फूट, एसी-फ्रिज दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. गोल गुंडाळी करून बादलीत बसवायची, हेच आपलं वाफ थंड करणारं कंडेन्सर. गुंडाळताना आत कोरडी रेती भरा म्हणजे नळी चेपत नाही, आणि नंतर रेती पूर्ण निघाली का ते फुंकून पाहा.
- मोठी बादली किंवा अर्धं ड्रम, गार पाण्यासाठी.
- गॅसची मोठी शेगडी किंवा चूल.
- काचेचं सेपरेटिंग फनेल, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नसेल तर अरुंद मानेची काचेची बाटली आणि सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज.
- कणिक. होय, झाकणाची फट बुजवायला घट्ट मळलेली कणिक सगळ्यात चांगली. रबराची गॅस्केट तेल शोषते आणि फुगते, शिवाय तिचा वास तेलात उतरतो.
- तपकिरी काचेच्या बाटल्या, १० आणि ३० मिलीच्या.
- जाड हातमोजे, आणि शेजारी रेतीची बादली किंवा आग विझवायचं सिलिंडर.

लोखंडी भांडं नको, तेलाला रंग चढतो. गावात करणार असाल तर शेजारी आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, कॅन आणि तांब्याची गुंडाळी पाहून हातभट्टीचा संशय येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. आम्ही दरवर्षी सांगतो.

४. कापणी

तेल सगळ्यात जास्त फुलोऱ्यात असतं, मग पानांत, दांड्यात जवळपास नाही. त्यामुळे गवत पूर्ण फुलल्यावर, बी धरायला लागताना कापायचं. आपल्याकडे नवरात्र ते दिवाळी हा काळ धरा, पाऊस उघडलेला असतो. हिरवं असताना घाई केली तर तेल कमी, फार वाळवलं तर उडून गेलेलं. पावसाच्या किंवा दवाच्या ओलाव्यात कापू नका, सकाळी दव उडाल्यावर कापा.

जमिनीपासून वीतभर सोडून कापा म्हणजे परत फुटतं, एकदा लावलं की चार-पाच वर्षं चालतं. कापलेलं गवत एक दिवस सावलीत पातळ पसरून ठेवा, उन्हात नाही. कोमेजलं की कॅनमध्ये जास्त मावतं आणि गॅसही वाचतो. ढीग करून ठेवलं तर आतून तापतं आणि कुजका वास धरतो, पहिल्या वर्षी आमचं एक पोतं असंच गेलं. मग चार-सहा इंचाचे तुकडे करा. खालचे जाड दांडे काढून टाका, जागा खातात फक्त.

५. भट्टी लावणं

कॅनमध्ये पाच-सहा लिटर पाणी, त्यावर जाळी, त्यावर गवत. तीस लिटरच्या कॅनमध्ये साधारण चार किलो बसतं. हातानं दाबून सारखं भरा, एका बाजूला सैल राहिलं तर वाफ तिथूनच निघून जाते आणि बाकीचं गवत तसंच राहतं. झाकण लावा, कणकेनं फट बुजवा, नळी जोडा. नळीचं दुसरं टोक कायम मोकळं असलं पाहिजे, त्यावर कधीही बूच लावू नका, बाटलीत नळी घट्ट बसेल असंही करू नका.

सुरुवातीला आच मोठी, वाफ आली की मध्यम. थेंब पडायला लागले की त्यात पाणी आणि तेल दोन्ही येतात, पहिल्या अर्ध्या तासात तेल जास्त. दोन-अडीच तास चालू द्या, काही वेळा तीन. वर तरंगणारा तेलाचा थर वाढायचा थांबला की बंद करा. पाणी आटू देऊ नका, आटलं तर तळ जळतो आणि तो जळका वास तेलातून कधीच जात नाही. शेगडी सोडून कुठेही जाऊ नका, फोन आला तरी नाही.

नागपुरात सगळ्यात मोठी अडचण बादलीच्या पाण्याची. नळीतून पडणारं पाणी बोटाला कोमट लागलं तर ठीक, गरम लागलं किंवा टोकातून वाफ दिसली तर तुमचं तेल हवेत चाललंय. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की कंडेन्सर काहीच करत नाही, मी एकदा मे महिन्यात करून पाहिलं, तीन तासांत हातात जवळपास काही आलं नाही, घरभर मात्र वास सुटला होता. दिवाळीच्या सुमारास पहाटे करा, विहिरीचं पाणी असेल तर फारच छान, आणि बादलीतलं वरचं गरम पाणी काढून खालून गार सोडत राहा.

चार किलोतून मला १० ते १५ मिली मिळतं. पहिल्यांदा फक्त ४ मिली मिळालं होतं, तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, पण कारण एवढंच होतं की गवत नीट फुललेलं नव्हतं आणि आच फार मोठी होती.

६. तेल वेगळं करणं आणि ठेवणं

तिखाडीचं तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वर तरंगतं. फनेलमध्ये अर्धा तास शांत ठेवा, मग खालचं पाणी सोडा. सिरिंजनं काढणार असाल तर वरून हळूहळू ओढा. तेल गढूळ दिसलं तर त्यात पाणी राहिलं आहे, रात्रभर ठेवा आणि परत वेगळं करा.

खालचं पाणी फेकू नका! जिरॅनिऑल थोडं पाण्यातही उतरतं, म्हणून ते पाणी पुढच्या घाण्यात कॅनमध्येच ओता, तेल थोडं वाढतं. शेवटच्या घाण्याचं पाणी फ्रिजमध्ये ठेवा, गुलाबपाण्यासारखा वास असतो, आंघोळीच्या पाण्यात, फरशी पुसायला, उन्हाळ्यात उशीच्या अभ्र्यावर शिंपडायला मस्त. त्यात टिकवणारं काही नसतं त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत संपवा, तंतू किंवा बुरशी दिसली तर लगेच टाकून द्या.

ताज्या तेलाला सुरुवातीला कच्चा, उकडलेल्या भाजीसारखा वास येतो. घाबरू नका, चार-पाच दिवस सैल झाकून ठेवलं की जातो. मग बाटली काठोकाठ भरा, हवेची जागा कमी ठेवा, घट्ट बूच लावा, वर तारीख आणि वाण लिहा. रबरी फुगा असलेलं ड्रॉपर बाटलीला लावून ठेवू नका, तेल रबर मऊ करतं. प्लास्टिकच्या बाटलीत तर नाहीच. आपल्या मे महिन्यात घरातलं कपाटसुद्धा तापतं म्हणून मी स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवते, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कप्प्यात.

उरलेला चोथा वाळवून पुढच्या घाण्याच्या चुलीला घाला, किंवा झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाका.

७. विकत घेणार असाल तर

बाटलीवर सिम्बोपोगॉन मार्टिनी लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या. नुसतं रोझ ऑइल, जिरेनियम, फ्रॅग्रन्स ऑइल, नेचर आयडेंटिकल असं लिहिलेलं असेल तर ते दुसरंच काहीतरी असतं किंवा कारखान्यात बनवलेलं. शंभर-दोनशे रुपयांत गुलाबाचं शुद्ध तेल मिळूच शकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

इतवारीत किंवा कुठेही समोरासमोर घेत असाल तर पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकायला सांगा आणि पट्टी घेऊन बाजारात एक चक्कर मारून या. शुद्ध तेलाचा वास हळूहळू बदलतो, गवताचा हिरवेपणा आधी जातो, गुलाब मागे राहतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कागदावर तुपकट डाग उरत नाही. डाग राहिला तर त्यात खाण्याचं किंवा दुसरं जड तेल मिसळलंय. जुनी भेसळ म्हणजे खोबरेल तेलाची, ती पकडायला बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, खोबरेल गोठून पांढरं दिसतं. रॉकेल आणि टर्पेंटाइनची भेसळ नाकालाच कळते, पण कारखान्याचं जिरॅनिऑल मिसळलेलं नाकाला कळत नाही, त्याला प्रयोगशाळेचा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) रिपोर्टच लागतो, तेलात कोणता घटक किती ते त्यात असतं. मोठी खरेदी असेल तर तो त्याच बॅचचा मागा, कधीतरी जुन्या बॅचचा रिपोर्ट सगळ्यांना दाखवतात. कन्नौजला सरकारचं सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे तपासणीही होते आणि तेल काढायचं प्रशिक्षणही मिळतं.

८. वापर: आधी पातळ करा

वाफेवर काढलेलं तेल थेट अंगाला कधीच लावायचं नाही. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली असा हिशोब धरा. ५० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात १० थेंब टाकले की १ टक्का झालं, २० थेंब म्हणजे २ टक्के. चेहऱ्यासाठी आणि नाजूक कातडीसाठी १ टक्क्याच्या आत, हातापायांना २ पर्यंत. त्यापुढे जाऊ नका. जास्त टाकलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, जास्त टाकलं की आग होते, आईच्या गुडघ्यानं ते मला शिकवलं.

पहिल्यांदा वापरण्याआधी पातळ केलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. जिरॅनिऑलची ॲलर्जी असणारे लोक असतात, युरोपात तर सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर हा घटक वेगळा लिहावा लागतो.

आता जुने वापर आणि मी ते आज कसे करते.

गुडघे, कंबर, खांदे. सगळ्यात जुना वापर हाच. ५० मिली तिळाच्या तेलात २० थेंब, रात्री थोडं कोमट करून हलक्या हातानं चोळायचं आणि वर जुन्या सुती लुगड्याची पट्टी. तेल कोमट करताना वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट आचेवर नाही, नाहीतर सुगंध उडून जातो. आईला यानं बरं वाटतं, झोप लागते, पण झिजलेला गुडघा यानं भरून येत नाही, तिची डॉक्टरांची औषधं आणि व्यायाम चालूच आहेत. सूज असेल, सांधा गरम लागत असेल तर चोळूच नका, आधी दाखवा.

आजीची पद्धत करायची असेल तर ती पण सांगते. फुलोऱ्याचं ताजं गवत पावशेर, ठेचून, एक लिटर तिळाचं तेल आणि दोन लिटर पाणी, जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर. पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत राहायचं, फेस आणि चरचर थांबली आणि गवत बोटांत दाबल्यावर कुरकुरीत लागलं की उतरवायचं, कापडातून गाळायचं. पाणी राहिलं तर तेल खवट होतं. आत्या म्हणते थंडीत मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेलही घ्यायचे काही घरांत, ते गोठतं म्हणून आधी वितळवून. हे तेल सौम्य असतं, तळहातावर घेऊन चोळता येतं. दोन्ही बाटल्यांवर वेगवेगळी नावं लिहा, आमच्याकडे एकीवर कढवलेलं आणि दुसरीवर वाफेचं असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

डास. खोबरेलात २ टक्के करून हातापायांना लावलं तर डास लांब राहतात पण थोडाच वेळ, परत लावावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे डेंग्यू असतो, त्या दिवसांत फक्त यावर भरवसा ठेवू नका, मच्छरदाणी लावा आणि कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा.

कोरडी कातडी आणि केस. थंडीत भेगाळलेल्या टाचांना १ टक्का तेल, वर मोजे. डोक्याला लावायच्या तेलात १ टक्का टाकलं तर वास छान येतो आणि डोकं हलकं वाटतं. जुन्या पुस्तकांत टकलावर केस येतात असं लिहिलेलं सापडतं, मला तसं काही दिसलं नाही.

साबण. घरी साबण करणाऱ्यांसाठी हे तेल फार चांगलं, साबणातल्या खारातही याचा वास टिकतो, लिंबू-संत्र्याच्या तेलांचा लवकर उडून जातो. संत्र्याच्या शहरात राहून मी हे बोलून राहिली पण खरं आहे.

९. कोणी आणि कुठे वापरू नये

पोटात घेऊ नका, पाण्यात एक थेंब टाकून पिण्याचे जे सल्ले फिरतात ते पाळू नका. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि दोन-तीन वर्षांच्या आतली मुलं यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डोळे, ओठ, जखम, चिरलेली कातडी यांपासून लांब ठेवा. दमा असेल तर खोलीत डिफ्युझर (तेलाचा वास पसरवणारं यंत्र) लावू नका. घरात मांजर असेल तर तिच्या अंगाला अजिबात नाही, आणि बंद खोलीत धूर-वाफही नाही. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. अंगाला आग झाली तर पाण्यानं चोळत बसू नका, तेल पाण्यात विरघळत नाही, आधी साधं खोबरेल लावून कापडानं पुसून घ्या, मग साबणानं धुवा. त्या रात्री हे मला माहीत असतं तर आईची निम्मी आग तरी वाचली असती.

१०. विकायचं मनात आलं तर लागणारे कागद

घरी दोन बाटल्या मैत्रिणीला देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं असेल तर हे हाताशी ठेवा:

- आधार आणि पॅन, त्यावर उद्यम नोंदणी. ही सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मी एका एजंटला दिले होते.
- शेतातलं गवत असेल तर सातबारा, विकत घेतलेलं असेल तर पावत्या.
- दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर जीएसटी नोंदणी, उलाढाल लहान असली तरी.
- अंगाला लावायचं तेल, साबण, क्रीम म्हणून विकणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाचा सौंदर्यप्रसाधनाचा परवाना.
- लेबलवर नाव, पत्ता, वजन किंवा माप, तारीख, किंमत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेबलवर सांधेदुखी बरी होते, केस उगवतात असं काही लिहू नका. तसं लिहिलं की ते औषध ठरतं, त्याला आयुषचा परवाना लागतो, आणि काही आजारांबद्दल दावे करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे.

११. पुढच्या वर्षाचं बी

सगळं गवत कापू नका, चांगल्या वासाची दहा-बारा थोंबं बाजूला राहू द्या. डिसेंबरात कणसं पिवळी पडली की सकाळी कापा, कागदावर सुकवा, हातानं चोळून बी काढा आणि कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवा. बी अगदी बारीक असतं, नुसतं फेकलं तर एका जागी पडतं, म्हणून मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकताना दहापट बारीक रेतीत मिसळा, वर अगदी पातळ माती, आणि झारीनं पाणी, पाइपनं नाही, नाहीतर बी वाहून जातं. महिना-सव्वा महिन्यात रोप वीतभर झालं की चांगला पाऊस पाहून दीड-दीड फुटावर लावा. पहिले दोन महिने तण काढत राहा, एकदा थोंब धरलं की मग ती कोणाला जागा देत नाही. जुलैत लावलेली आमची तिखाडी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कापायला आली होती.